काडेपेटीच्या छापांचे मोल



कामगार चळवळीतल्या माणसाने व्याख्यानमालेत मजुरीवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. आम्ही बोलणार आहोत काडेपेटीवरच्या चित्रांवर. मजुरीचा विषय वाटेत येईलच. तो आम्हाला कुठे चुकतो?

वाशीम, कारंजा, रिसोडकडच्या आमच्या वयाच्या मंडळींना हे छाप नवे नाहीत. बाजाराच्या दिवशी हमाल-गाडीवानांनी टाकलेल्या रिकाम्या पेट्या वेचायच्या, छाप सोडवायचे आणि अदलाबदल करायची. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणाऱ्या छापाला कोणी विचारत नसे. परगावच्या पाहुण्याच्या खिशातून आलेल्या एकासाठी मात्र पोरे दहा द्यायला तयार. पुढे नामांकित संग्राहकांचे व्यवहार पाहिले, तर तिथेही हाच हिशेब. मालिकेतले एकच चित्र कमी असले की त्या एकाचा भाव उरलेल्या साऱ्यांवर चढतो.

वय ओळखण्याच्या काही खुणा आहेत. प्रारंभी आपल्याकडे पेट्या स्वीडन, ऑस्ट्रिया, जपान येथून येत. गिऱ्हाइकाला अक्षरओळख नसे, तो चित्रावरून माल मागे. म्हणून परदेशी कारखानदारांनी आपले देव छापले, रविवर्म्याची चित्रेही उचलली. वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे विम्को, 1923 साली निघाली व अंबरनाथला तिचा कारखाना झाला. त्याच सुमारास अय्या नाडर व षण्मुग नाडर यांनी कलकत्त्यास जाऊन धंदा शिकून घेतला आणि शिवकाशीत तो उभा केला. तिथल्या छापखान्यांची भरभराट झाली तीही या छापांच्या गरजेतून. 1934 साली सरकारने काड्यांवर अबकारी बसवली आणि पेटीला कराची कागदी पट्टी लागली. पट्टीसह पेटी हाती आली, तर ती त्यानंतरची.

नकलाही पुष्कळ होतात. भिंग घेऊन पाहावे. दगडावरच्या जुन्या छपाईत रंगाचे कण ओबडधोबड, विखुरलेले दिसतात. ऑफसेटचे ठिपके कवायतीला उभे राहिल्यासारखे रांगेत असतात. शंभर वर्षांचा म्हणून दाखवलेल्या छापात अशी रांग दिसली, तर पैसे खिशातच राहू द्यावेत.

आता आमचे भांडण. बाजारात सर्वांत मोल कोऱ्या छापाला, म्हणजे छापखान्यातून निघाला पण पेटीवर कधी चिकटलाच नाही अशाला. खळीचा डाग पडला, कडा तिरपी बसली, की भाव उतरला. संग्राहकाच्या दृष्टीने ते बरोबर असेलही. पण तो तिरपेपणा आला कुठून? शिवकाशीत काड्या भरणे, छाप डकवणे ही कामे बायका-मुली नगावर करीत. जितक्या पेट्या तितके पैसे. मग कड सरळ बसली की नाही हे पाहायला सवड कुणाला? बालकामगारांविषयीचा कायदा 1986 साली झाला, तरी तिथली मुले कारखान्यांत राहिलीच. 10 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, धोक्याच्या कामावर ठेवलेल्या प्रत्येक मुलामागे मालकाने 20,000 रुपये भरावेत. मालकाचे नाव छापावर मोठ्या अक्षरात असते. डकवणारीचे नाव कुठेच नाही. तिची सही म्हणायची तर ती तिरपी कड.

लंडनमध्ये 1888 साली काडेपेटीच्या कारखान्यातल्या सुमारे चौदाशे बायका-मुली संपावर गेल्या. पांढऱ्या फॉस्फरसने त्यांच्यातल्या कित्येकींचे जबडे कुजत. त्या संपात जिंकल्या, त्यांनी संघटनाही बांधली, पण ते विष त्यानंतरही काही वर्षे वापरात राहिले. आपल्याकडे त्या काड्यांवर बंदीचा कायदा 1913 साली आला. जुन्या छापावरचा ‘सेफ्टी’ हा शब्द वाचताना आम्हाला हे सारे आठवते. दुसऱ्याला ती जाहिरात वाटेल.

म्हणून आमच्या वहीत डागाळलेले, तिरपे छाप पहिल्या पानावर आहेत. विकायला काढले तर फारसे येणार नाही, हे ठाऊक आहे.

जाता जाता एक विनंती. जुन्या घराच्या कोनाड्यात अख्खी लाकडी पेटी सापडली, तर छापाच्या लोभाने ती पाण्यात घालू नका. छाप सुटेल, पण लाकूड, कराची पट्टी, बाजूचा घासायचा पट्टा सगळे वाया जाईल. सुटे छाप असतील तर डिंकाने चिकटवू नका. तिकिटांच्या वहीतल्यासारखी कागदी बिजागरी लावा. आणि पेटीतल्या काड्या आधी बाहेर काढा. गुल जुना झाला तरी पेट घेतो.