हिमभूमीतील अग्निसाक्षी खडक



अंटार्क्टिका म्हटले की डोळ्यांपुढे बर्फच उभे राहते. परंतु त्या बर्फातून डोके वर काढणारे कित्येक डोंगर ज्या खडकांचे आहेत, ते भूगर्भातील प्रखर उष्णतेत घडले आहेत.

त्या खंडाच्या पूर्व भागात एंडर्बी लँड नावाचा प्रदेश आहे. तेथील नेपिअर पर्वतांत सुमारे ३८० कोटी वर्षांपूर्वी जन्मलेले खडक सापडतात. पुढे, सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी, भूकवचात खोल गाडले गेले असता त्यांचे तापमान १००० अंश सेल्सिअसच्याही वर चढले. हे मोजावयास तेथे कोण होते, असे आपण विचाराल. साक्षीदार खनिजेच होत. सॅफिरीन हे मॅग्नेशियम व अ‍ॅल्युमिनियम असलेले निळसर खनिज. ते आणि क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी, एकमेकांस बिलगून राहतात ती अशा अतितप्त अवस्थेतच. ही जोडी एंडर्बी लँडच्या खडकात १९६८ साली नोंदली गेली.

उष्णता वाढली की अभ्रकातील पाणी निघून जाते आणि त्याच्या जागी पायरोक्सीन हे निर्जल खनिज येते. चार्नोकाइट हा असाच पायरोक्सीनयुक्त खडक. कलकत्त्यास जॉब चार्नॉक याच्या थडग्यावर जी शिळा आहे, तिच्यावरून हे नाव पडले. आमचा सह्याद्री लाव्हारसाच्या काळ्या पाषाणाचा. त्यात चार्नोकाइट शोधण्याचे श्रम कोणी घेऊ नयेत!

पूर्व घाटात मात्र तो विपुल आहे, आणि नेपिअरलगतच्या रेनर पट्ट्यातही आहे. नुसत्या खडकसाम्यावरून नाते जोडणे मला पटत नाही. चेहरेपट्टी जुळली म्हणून कोणी भाऊबंद ठरत नाही. पण झिरकॉनच्या कणांत युरेनियमचे शिसे किती झाले, यावरून वय निघते. दोन्हीकडील रूपांतराचा काळ सुमारे ९० ते १०० कोटी वर्षांपूर्वीचाच येतो. तेव्हा हे भूभाग एकाच पर्वतपट्ट्यात होते, असे भूशास्त्रज्ञ मानतात. त्यांची ताटातूट सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी झाली. त्यांच्यामधील भेग रुंदावत गेली आणि तीत हिंदी महासागराचे पाणी शिरले.