उंबराचं फूल

नीटचा निकाल लागला की बंगळुरूच्या जयनगरातल्या मराठी घरांतही तीच बोलणी सुरू होतात. मेडिकलला नंबर लागला नाही, मग बीएस्सी. विषय बायॉलॉजी. पण कॉलेज कुठलं? आई माहितीपत्रकं गोळा करते, बाबा नॅकची ग्रेड विचारतात, वरच्या मजल्यावरचे काका प्लेसमेंटचं काय म्हणून चौकशी करतात. जिला तीन वर्षं काढायची आहेत, ती मुलगी बहुतेक वेळा गप्प असते.

देशभरच्या कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या नॅकचं मुख्यालय याच शहरात, नागरभावीला आहे. 1994 साली स्थापन झालेली ही संस्था कॉलेजला सात निकषांवर जोखत आली आहे. त्यात अध्यापन येतं, संशोधन येतं, इमारती आणि कारभारही येतो. मात्र ग्रेड मिळते ती अख्ख्या कॉलेजला. जीवशास्त्राची पदवी त्यातून वेगळी काढून दाखवलेली नसते. ए प्लस वाचून तिथलं बायॉलॉजी उत्तम असेल असं धरून चालणं म्हणजे सोसायटीचा रंग बघून घरातल्या नळाला पाणी येतं असं मानण्यासारखं आहे.

मग बघायचं काय?

श्रोतेहो, त्यासाठी आधी एक फळ उघडून बघू. क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण उंबराचं फूल म्हणतो. खरं तर उंबराचं प्रत्येक फळ फुलांनीच भरलेलं असतं; ती आतल्या बाजूला असतात म्हणून दिसत नाहीत. कर्नाटकात या झाडाला अत्ती म्हणतात. त्याचं एक फळ ब्लेडनं उभं कापून डिसेक्टिंग मायक्रोस्कोपखाली ठेवलं, की आतल्या भिंतीला दाटीवाटीनं लागलेली शेकडो इवलीशी फुलं दिसतात. फळाच्या तोंडाशी असलेल्या अरुंद छिद्रातून गांधीलमाशीच्या नात्यातली, दोन-तीन मिलिमीटरची मादी आत शिरते. शिरताना तिचे पंख तुटतात. आत ती परागकण पोचवते, अंडी घालते आणि तिथंच मरते. तिच्या पिल्लांतल्या नरांना पंखच नसतात. ते फळाच्या भिंतीला भोक पाडतात आणि नव्या माद्या परागकण घेऊन त्या वाटेनं दुसऱ्या उंबराकडे उडतात. काही परोपजीवी माद्या तर आत येतच नाहीत. बाहेरूनच केसासारखी नळी फळात खुपसून अंडी घालतात. त्यांतल्या एका जातीच्या नळीचं टोक जस्तामुळे कठीण झालेलं असतं, हे बंगळुरूच्याच भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 2014 साली दाखवलं. तेही जीवशास्त्र विभागात नव्हे, मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या प्राध्यापक नम्रता गुंडय्या यांच्या गटानं.

आता हे फळ पदवीच्या वर्गात कुणी कापायचं? केमिस्ट्री, बॉटनी, झूऑलॉजी, म्हणजे सीबीझेड, या जुन्या त्रिकुटात फूल बॉटनीच्या तासाला आणि कीटक झूऑलॉजीच्या तासाला. दोघांची गाठ पडते ती एखाद्या शिक्षकानं मनावर घेतलं तरच. अमेरिकेत 2011 साली ‘व्हिजन अँड चेंज’ नावाचा अहवाल निघाला. पदवीच्या जीवशास्त्राची बांधणी त्यानं पाच कल्पनांवर केली: उत्क्रांती, रचना आणि कार्य, माहितीचा प्रवाह, ऊर्जा व द्रव्याचा प्रवास, आणि व्यवस्था म्हणून सजीवाकडे बघणं. पाचही कल्पना त्या एका उंबरात सापडतात.

कर्नाटकात पदवीचा सांगाडा मात्र सारखा हलतो आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सगळ्यांत आधी इथं लागू झालं, 2021-22 मध्ये, आणि चार वर्षांची ऑनर्स पदवी आली. पुढे सरकार बदललं. सुखदेव थोरात, म्हणजे अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ आणि यूजीसीचे माजी अध्यक्ष, यांच्या राज्य शिक्षण धोरण आयोगाचा अंतरिम अहवाल आला आणि 2024-25 पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली. एकाच घरातल्या थोरल्याला चौथं वर्ष करायची सोय आणि धाकटीला तीन वर्षांत गाशा गुंडाळायचा, असंही घडू शकतं. दोष मुलांचा नाही, पण संशोधनाचा प्रकल्प करायला लागणारं वर्ष त्यांच्याच हातून जातं. भारतीय विज्ञान संस्थेनं 2011 साली सुरू केलेल्या चार वर्षांच्या पदवीत शेवटी प्रकल्प असतोच. शिवाय फिजिक्स घेणाऱ्यालाही सुरुवातीच्या सेमिस्टरांत जीवशास्त्र सुटत नाही. पण तिथल्या जागा मोजक्या.

म्हणून कॉलेज बघायला जाणाऱ्यांनी तिसऱ्या वर्षाच्या मुलाचं प्रॅक्टिकलचं जर्नल मागून घ्यावं. यूजीसीनं 2011 पासून प्राण्यांची चिरफाड कमी करत आणली आणि 2014 साली ती थांबवली. ते योग्यच झालं. पण त्या रिकाम्या तासांत आलं काय? तक्त्यावरून उतरवलेल्या आकृत्या, की मुलांनी स्वतः केलेल्या नोंदी? कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड सगळेच करतात. पेशीविभाजनाच्या अवस्थांचे आकडे पन्नास जर्नलांत एकसारखे असतील, तर मोजणी एकानंच केली आहे हे उघड आहे.

परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी 1990च्या दशकात पश्चिम घाटातल्या कॉलेजांचे शिक्षक आणि विद्यार्थी जैवविविधतेच्या नोंदी घ्यायला कामाला लावले होते. साधी कॉलेजं, साधी मुलं; तरी त्यांच्या नोंदींतून शास्त्राला उपयोगी माहिती उभी राहिली.

जयनगरच्या मुलांना तर लांब जावंच लागत नाही. मेट्रोच्या ग्रीन लाइनवर दोन स्टेशनं गेलं की लालबाग, 240 एकरांची.

तेव्हा विभागप्रमुखांना विचारायचा प्रश्न साधा आहे: गेल्या वर्षी मुलं लालबागेत किती वेळा गेली, आणि परत आल्यावर त्यांनी काय लिहिलं? उत्तर देताना प्रमुख कपाटाकडे वळले, आणि चुरगळलेल्या, मातीचे डाग पडलेल्या वह्यांचा गठ्ठा टेबलावर आला, तर मुलीनं त्या कॉलेजचा फॉर्म भरावा.