कोऱ्या खोलीतली बांधणी



कंटेनर म्हटले की आमच्यासारख्यांना प्रथम गोदी आठवते; आणि त्या लोखंडी पेटाऱ्याने ज्यांच्या पाठीवरचे ओझे काढले व त्याबरोबर हातचे कामही काढले, ते हमाल आठवतात. आजचा कंटेनर लिनक्स संगणकातला आहे. तरी विषय आमच्या घरचाच. काम कुणाच्या बळावर झाले आणि त्याचे नाव पटावर आहे काय, हाच प्रश्न येथेही आहे.

लिनक्सवरचा प्रोग्रॅम माणसाला वाचता येईल अशा मजकुरात लिहितात. त्याचे यंत्राला कळणारे रूप करून, कोणती फाइल कोठे ठेवावी या सूचनांसह जो गठ्ठा बांधतात, ते पॅकेज. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पात अशी हजारो पॅकेजे आहेत, आणि प्रकल्प उभा आहे तो मुख्यतः स्वयंसेवकांवर.

आता असा गठ्ठा एखाद्याने आपल्या घरच्या संगणकावर बांधला, तर तो बांधला जातो खरा. पण तेथे वर्षानुवर्षांची हत्यारे साठलेली असतात. त्यांतले कोणते उपयोगी पडले हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते. गिरणीत पटावर नाव नसलेला माणूस साच्यावर उभा केला तरी कापड निघते. तो ज्या दिवशी येत नाही, त्या दिवशी साचा का थांबला हे पट पाहून कुणाला सांगता यायचे नाही.

म्हणून बांधणी कोऱ्या खोलीत करतात. १९७९ सालच्या युनिक्समधल्या ‘सीएचरूट’ने फाइलींपुरता आडोसा दिला. पुढे लिनक्समध्ये नेमस्पेस आले, २००८ साली सीग्रुप आले, आणि चालू कामे, नेटवर्क, स्मृतीचा वाटा यांनाही भिंती मिळाल्या. चाळीसारखेच समजा: पाया आणि पाण्याची टाकी सर्वांची एक, म्हणजे कर्नल एकच, कडी मात्र ज्याची त्याला. या खोलीत कंपायलर, मेक अशी नेहमीची हत्यारे ठेवलेली असतात. बाकी जे लागेल ते पॅकेजबरोबरच्या यादीत लिहिलेले असले, तरच आत येते. बांधणी चालू असता बाहेरच्या जाळ्यावरून काही मागवण्यासही डेबियनच्या नियमांत मनाई आहे. यादीत एक नाव राहिले की बहुधा काम तेथेच अडते. आम्हांला ही अडवणूक फार मानवते. खोली कुणाची भीड धरीत नाही! एकाच गठ्ठ्यापुरती ती उघडतात आणि काम होताच मोडून टाकतात.

याच्याही पुढे काही मंडळी गेली आहेत. एकच मजकूर दोन ठिकाणी, निरनिराळ्या वेळी बांधून दोन्ही गठ्ठे बिटाबिटाने ताडून पाहायचे. मापाड्यावर विश्वास न ठेवता माल दुसऱ्या काट्यावर चढवावा तसे. त्यासाठी बांधणीची तारीख घड्याळावरून न घेता बदलांच्या नोंदवहीतून घ्यावी लागते, नाहीतर केवळ तारखेपायी गठ्ठे जुळत नाहीत.

इतके असूनही २०२४ साली घात झाला. ‘एक्सझेड’ हे फाइली दाबून लहान करणारे साधन. ते सांभाळणाऱ्याने २०२२ सालीच उघड लिहिले होते की हे आपले बिनपगारी काम आहे. मदतीला आलेल्या एका टोपणनावाने दोन वर्षांत विश्वास मिळवला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घातली. तिचा मुख्य भाग चाचणीच्या फाइलींत दडवलेला होता. तो जागा करणारी ओळ प्रकाशित गठडीत होती, सर्वांसमोरच्या मूळ साठ्यात नव्हती. आणि ती जागी होई डेब किंवा आरपीएम पॅकेज बांधले जात असतानाच! म्हणजे नेम बांधणीच्या खोलीवरच होता. कोऱ्या खोल्यांनी आपले काम चोख केले. जे दाराशी आणून दिले, तेच इमानाने बांधले. पटावरची नावे पूर्ण होती. दाराशी माल आणणारा कोण, हे पाहणे खोलीच्या कामात बसत नाही.

आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला. तो त्याचा माग काढीत गेला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने सारे उघड केले. डेबियनने आपल्या चाचणी शाखांतून जुनी आवृत्ती परत आणली. पण पॅकेजचा क्रमांक मागे नेता येत नाही. म्हणून त्या गठ्ठ्यावर ‘५.६.१+रिअली५.४.५’ अशी चिठ्ठी लावावी लागली: वर नाव नव्याचे, आत माल जुना, आणि तसे चिठ्ठीवरच लिहिलेले.