फोन कुणाच्या हातात?



छत्रपती संभाजीनगरचा एसटीडी कोड 0240. शहराचं नाव बदललं, आकडा तोच राहिला. शिकायला, नोकरीला पुण्या-मुंबईला गेलेल्या मराठवाड्याच्या एका अख्ख्या पिढीला तो पाठ आहे. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पावपट व्हायचा, म्हणून त्या वेळी पिवळ्या पाटीच्या पीसीओबाहेर रांग लागायची. काचेच्या खोलीत बोलणाऱ्याची नजर मीटरवर. लाल आकडे पुढे सरकायचे आणि आईची तब्येत, पेरणी, मनीऑर्डर पोचली का, हे सगळं खिशातल्या पैशांत बसवायचं.

तो फोन सरकारचा होता, दुसरा नव्हताच. 1985 पर्यंत टपाल आणि टेलिफोन एकाच खात्यात होते. मग दूरसंचार विभाग वेगळा झाला. 1986 मध्ये मुंबई-दिल्लीसाठी एमटीएनएल ही वेगळी सरकारी कंपनी निघाली, आपण मात्र खात्याकडेच राहिलो. 1 ऑक्टोबर 2000 रोजी त्याच सेवेचं बीएसएनएल झालं. खात्याच्या काळात घरी फोन घ्यायचा तर आधी अर्ज, मग प्रतीक्षायादी. पैसे भरा असं सांगणारी डिमांड नोट हाती पडेपर्यंत वर्षं जायची. खासदारांचा फोनचा कोटा असायचा, इतकी ती टंचाई.

पण याच खात्याने तारा गावोगाव ओढल्या, हेही तितकंच खरं. पावसात रस्त्याकडेच्या तारांच्या पेटीत, पिलरमध्ये, पाणी शिरलं की फोनवर खरखर सुरू व्हायची. मग लाइनमन सायकलवरून यायचा. खांबावरची डीपीची पेटी उघडून तारांच्या जुडग्यातली आपली जोडी शोधायचा, कमरेचा टेस्टिंगचा फोन तिला लावायचा आणि एक्स्चेंजमधल्या माणसाला नंबर सांगायचा. सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेचंही नाव इथे घ्यायलाच हवं. ऑगस्ट 1984 मध्ये सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने ही संस्था उभी राहिली. तिच्या हाती होते 36 महिने आणि 36 कोटी रुपये. तिचं 128 लाइनचं ग्रामीण एक्स्चेंज 1986 मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला पहिल्यांदा बसलं. त्याला वातानुकूलित खोली लागत नव्हती. उन्हाळ्यात चाळिशीपार जाणाऱ्या आणि दिवसदिवस वीज नसणाऱ्या गावांसाठी ही केवढी मोठी गोष्ट! खेड्यात फोन पोचला तो या यंत्रामुळे, असं मी ठामपणे म्हणेन.

मोबाइल आला 1995 मध्ये. तेव्हा दर मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात, शिवाय आलेल्या कॉलचेही पैसे. 2003 मध्ये इनकमिंग मोफत झालं आणि भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांच्या हातात फोन आला. तेव्हा कंपन्या इतक्या होत्या की प्रत्येक पानटपरीवर वेगवेगळ्या रंगांचे बोर्ड लटकत.

मग 5 सप्टेंबर 2016. जिओ सुरू झालं. कॉल फुकट आणि पहिले काही महिने डेटाही फुकट. 170 दिवसांत दहा कोटी ग्राहक झाले. याचा फायदा सामान्य माणसाला झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. शेतकऱ्याला बाजारभाव मोबाइलवर दिसू लागले, खेड्यातली मुलगी स्पर्धा परीक्षेची व्याख्यानं घरी बसून पाहू लागली. पण त्या दरात इतरांना टिकता आलं नाही. रिलायन्स कम्युनिकेशन्स, एअरसेल, टाटा डोकोमो बाजारातून गेले. 2018 मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एकत्र आल्या, तरी सावरल्या नाहीत. आज देशातल्या दहापैकी सुमारे चार मोबाइल ग्राहक एकट्या जिओचे आहेत. जुलै 2024 मध्ये बाजारात उरलेल्या तिन्ही खासगी कंपन्यांनी एक-दोन दिवसांच्या अंतराने दर वाढवले. त्या महिन्यात लोक बीएसएनएलकडे वळले, पण बीएसएनएलचं 4जी तेव्हा पुरतं उभंच राहिलेलं नव्हतं.

म्हणून मला बीएसएनएलची काळजी वाटते. जुन्या खात्याची रांग मला पुन्हा नको आहे. पण 2020 च्या जानेवारीअखेर स्वेच्छानिवृत्ती घेऊन अठ्ठ्याहत्तर हजारांहून अधिक कर्मचारी एकाच वेळी बाहेर पडले. कोणती केबल कुठून गेलीये, हे त्यांतल्या कितीतरी जणांना नकाशा न बघता सांगता यायचं. ते ज्ञान त्यांच्याबरोबर गेलं. आणि 2022 मध्ये केंद्राने नेटवर्क न पोचलेल्या 24,680 गावांत 4जी न्यायचं ठरवलं, तेव्हा ते काम दिलं बीएसएनएललाच. जिथे टॉवरचा खर्च ग्राहकांच्या रिचार्जमधून निघत नाही, तिथे अजूनही सरकारी कंपनीच जाते.

27 सप्टेंबर 2025 रोजी बीएसएनएलच्या स्वदेशी 4जीचं उद्घाटन झालं. त्याची यंत्रणा घडवणाऱ्यांत सी-डॉटही आहे. आता हे नेटवर्क चालवायला माणसं भरायला हवीत. आपल्याकडच्या कन्नड-सोयगाव तालुक्यांच्या डोंगराळ भागात टॉवर बंद पडला, तर तो त्याच दिवशी सुरू व्हायला हवा, आणि तक्रार ऐकायला तालुक्याच्या कार्यालयात कुणीतरी बसलेलं हवं. ग्राहक म्हणून आपण हे मागायला हवं, लोकप्रतिनिधींकडे लेखी मागायला हवं.