मनमाडात आपले स्वागत



स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनमाडात मनःपूर्वक स्वागत करतो. परिषदेच्या दोन्ही दिवशी पाणी पुरेल अशी सोय केली आहे. यात विशेष काय, असे बाहेरच्यांना वाटेल; त्यांनी मनमाडकरांना इथल्या पाणीटंचाईबद्दल विचारावे.

कामगार संघटनांतला जातिभेद आणि स्त्री-पुरुष भेद हा परिषदेचा विषय ठरला, तेव्हा काही जुने सहकारी कुरकुरले. आधी पगार, पेन्शन बघा. हे काढले की एकजूट फुटते, म्हणाले. या आक्षेपाला बाबासाहेब आंबेडकरांनी याच गावात, १२ फेब्रुवारी १९३८ रोजी, जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत उत्तर दिले होते. रेल्वेतला अस्पृश्य कामगार जन्मभर गँगमनच राही. त्याला पोर्टरसुद्धा करत नसत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागत. भांडवलशाही आणि ब्राह्मणशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असे बाबासाहेबांनी तेव्हा सांगितले. ब्राह्मणशाही म्हणजे एक जात नव्हे, ती सगळ्या वर्गांत मुरलेली आहे, हेही त्यांनी स्पष्ट केले. आपण पहिला शत्रू फलकावर लिहिला आणि दुसरा सोयीने विसरलो.

त्याआधी दहा वर्षे, १९२८ च्या मुंबईच्या गिरणी संपातही हेच. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, पगार जास्त, पण अस्पृश्यांना तिथे मज्जाव. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्यांच्या तोंडाचा धागा इतर कामगारांना चालत नसे. बाबासाहेबांनी धरून बसल्यावर संपाच्या पुढाऱ्यांनी ही मागणी नाइलाजाने यादीत घातली. त्यावर मालक म्हणाले, हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे. मालकांचे म्हणणे खरे निघावे, याइतकी संघटनेची नामुष्की नाही.

आज धागा तोंडाने कोणी ओढत नाही. पण सफाईचे काम कंत्राटी झाले, ते करणाऱ्या बहुतांशी दलित बाया, आणि त्या ‘कायम’ नाहीत म्हणून अनेक संघटना त्यांची सभासदत्वाची पावतीच फाडत नाहीत. मोर्चात बायका पुढे हव्यात, कार्यकारिणीत मात्र एखादी, तीही सहचिटणीस. सभा रात्री साडेआठला ठेवायची आणि महिला येत नाहीत म्हणून हळहळायचे! इंजिनात शौचालय नाही, हे महिला लोको पायलटांना वर्षानुवर्षे सांगावे लागले. ती मागणी आपल्या यादीत कितव्या क्रमांकावर होती, ते आपापली निवेदने काढून पाहा. २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाची तक्रार समिती का नेमली नाही, म्हणून आपण व्यवस्थापनाला धारेवर धरतो. आपल्याच शाखेच्या चिटणीसाविरुद्ध तक्रार आली की मात्र ‘घरातले आहे, घरात मिटवू’.

म्हणून पहिल्या सत्रात बाहेरच्या वक्त्यांची भाषणे नाहीत. कंत्राटी सफाई कामगार भगिनी बोलतील. पदाधिकाऱ्यांनी खाली बसून ऐकावे आणि मध्ये खुलासे करू नयेत. जेवण एक वाजता आहे. वाढायला स्वागत समितीचे पुरुष सदस्य आहेत, तेव्हा थोडे सांभाळून घ्या. आता उद्घाटकांना मी उद्घाटन करण्याची विनंती करतो.