दुखणे एकाचे, दिनक्रम घराचा
(घाटंजी येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



कर्करोगाचे नाव निघाले की आपल्याकडे बोलणाऱ्याचा आवाज खाली जातो. हा रोग स्पर्शाने जडत नाही, आणि ते कोणत्या पापाचे फळही नव्हे. वऱ्हाडातील गावे ज्यांनी जागविली त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा देहही १९६८ साली याच व्याधीने गेला. तेव्हा यात लपविण्यासारखे काय आहे? औषधांविषयी बोलणे डॉक्टरांचे काम. उपचार चालू असता घर कसे चालवावे, एवढाच आमचा विषय.

आमच्या सौभाग्यवतींचा उपचार नागपुरास झाला. किरणोपचार आठवड्याचे पाच दिवस, असे पाच आठवडे. रोजचे काम थोड्या मिनिटांचे. परंतु घाटंजीहून रोज जाऊन येणे रोग्यास झेपणारे नव्हे. तेथे खोली हवी, चूल हवी, सोबतीस माणूस हवे. आणि इकडे तेच दिवस कापूस वेचणीचे! औषध मिळते, पण मागे गुरे, शेत व मुले पाहणारे कोणी नसते, म्हणून कित्येकांचा उपचार अर्धवट सुटतो. ही हानी मोठी आहे.

घरातील नियम सोपे आहेत. सलाइनवाटे औषध दिल्यावर साधारण एक ते दोन आठवड्यांच्या सुमारास रक्तातील पांढऱ्या पेशी फार घटतात. त्या काळात अन्न ताजे व गरम, पाणी उकळून गार केलेले असावे. तोंड आल्यास तिखट वर्ज्य. मऊ खिचडी, दुधात कुसकरलेली भाकर थोडी थोडी द्यावी. ताप १००.४ अंशांवर गेला तर सकाळची वाट न पाहता रात्रीच दवाखाना गाठावा. सर्व कागद एकाच पिशवीत ठेवावेत. बरे वाटेल त्या दिवशी रोग्यास भाजी निवडणे, हिशेब लिहिणे असे हलके काम अवश्य द्यावे. आपण घराला अजून हवे आहोत, हे त्यास कळले पाहिजे.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत या रोगाचा उपचार समाविष्ट आहे. रेल्वेत रोग्यास व सोबत्यास भाड्यात सवलत मिळते. त्यांची चौकशी आरंभीच करावी.

आता समाचाराविषयी. दहा जणांनी खाटेभोवती बसून उसासे टाकणे हा समाचार नव्हे. सर्दी-खोकला असणाऱ्याने तर दारातूनच परतावे. आपल्याच वऱ्हाडच्या गाडगेबाबांनी परगावच्या रोग्यांस व नातलगांस आसरा मिळावा म्हणून मुंबईत धर्मशाळा उभारण्याचा मार्ग दाखविला. १९४१ साली सुरू झालेल्या परळच्या टाटा रुग्णालयात येणारे कित्येक रोगी आजही दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत उतरतात.

धर्मशाळा बांधणे आपल्या मंडळास आज शक्य नसेल. एक वही ठेवणे खास शक्य आहे. नागपुरात खोली कोण देईल, सोबतीस कोण जाईल, मागे कापूस कोण वेचून घेईल, ही नावे तीत लिहावीत. पहिले नाव आम्ही आमचे देतो. दुसरे आपणांपैकी कोणी द्यावे, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.