अनेक यंत्रे, एक काम
(महोत्सवातील व्याख्यान)



आपल्या वसतिगृहास पंधरा जुने संगणक देणगीदाखल मिळाले आहेत. ते एकमेकांस जोडून ट्रस्टच्या जुन्या दप्तराच्या छायाचित्रांतील अक्षरे ओळखून घ्यावीत, असा तरुण मंडळींचा मनोदय आहे. त्याविषयी बोलण्यास त्यांनी या गणिताच्या मास्तरास उभे केले आहे.

काम वाटता येते का, हा पहिला प्रश्न. येथे येते, कारण एका पानाचे वाचन दुसऱ्या पानावर अवलंबून नाही. पण शेवटची सूची एकाच यंत्राला करावी लागेल. समजा, दहा तासांच्या कामात हे एक तासाचे आहे. उरलेले नऊ तास पंधरा यंत्रांत वाटले तर छत्तीस मिनिटे लागतील. म्हणजे एकूण एक तास छत्तीस मिनिटे. पंधरा यंत्रे लावून वेग सव्वासहापटच वाढला! हजार यंत्रे लावली तरी तो एक तास काही टळत नाही. जीन अ‍ॅम्डाल यांनी ही मर्यादा १९६७ सालीच दाखवून दिली होती.

दुसरे असे, की तारेवरून मजकूर पाठविण्यास वेळ लागतो. एकेक पान पाठवू नका, गठ्ठे करा. मात्र पंधराच गठ्ठे केलेत तर सर्वांत मंद यंत्रासाठी बाकीची चौदा खोळंबतील. गठ्ठे शंभर-दीडशे असावेत. ज्याचे संपले त्याने पुढचा उचलावा. पेपर तपासताना आम्ही हेच करतो.

आता मुख्य गोष्ट. एखादे यंत्र गप्प झाले, तर ते बंद पडले की नुसते रेंगाळले आहे, हे दुरून कळत नाही. म्हणून तो गठ्ठा दुसऱ्यास द्यावा लागतो, आणि पुढे दोघांचीही उत्तरे येतात. यास्तव प्रत्येक गठ्ठ्यास क्रमांक हवा आणि एका क्रमांकाचे उत्तर एकदाच जमेस धरावे. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी गुणांची एक यादी पोहोचली नाही असे समजून मी ती पुन्हा पाठविली. एका मुलीचे प्रात्यक्षिकाचे गुण दोनदा मिळविले गेले, निकाल राखून ठेवला गेला, आणि तेवढ्यात शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत टळली. त्या वर्षी ती कॉलेजात गेली नाही. यादीवर मी क्रमांक घातला नव्हता.

१९९९ ते २०२० पर्यंत चाललेल्या ‘सेटी अ‍ॅट होम’ या उपक्रमात लोकांच्या घरचे संगणक आकाशातील रेडिओ-लहरी तपासत. तेथे एकच गठ्ठा एकाहून अधिक घरी देऊन उत्तरे ताडून पाहत असत. आपण निदान थोडी पाने तरी तशी ताडावीत. शिवाय, गठ्ठे वाटणाऱ्या यंत्राची नोंदवही दुसऱ्या यंत्रावरही उतरवून ठेवावी. ते बंद पडले तर सारेच थांबेल.

आणि विजेचे बिल? पंधरा जुन्या यंत्रांपेक्षा एक नवे स्वस्त पडेल, हेही संभवते. येत्या रविवारी दहा पाने एकाच यंत्रावर चालवून पाहू. घड्याळ मी आणतो.